गाइड उघडण्याआधी: कविता-कादंबरीवर स्वतःचं मत कसं बनवायचं

मराठीच्या वर्गात ‘या कवितेबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की साधारण दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे’ या छापाचं. हे वाक्य शंभर कवितांना चिकटवा, कुठेही सुटून पडणार नाही. दुसरं ‘मला ही कविता एकटेपणाबद्दल वाटली, का ते सांगता येणार नाही, पण वाटली’ या छापाचं. पहिल्याला आपण पाठांतर म्हणून नाकं मुरडतो आणि दुसऱ्याला कौतुकाने स्वतंत्र विचार म्हणतो. खरं तर दोन्ही विद्यार्थ्यांनी कविता नीट वाचलेली नसते.

मी स्वतंत्र मत कशाला म्हणतो ते आधीच सांगतो. ज्या मताचा आधार तुम्ही ओळीवर बोट ठेवून दाखवू शकता, ते तुमचं मत. मग ते गाइडमधल्या मताशी तंतोतंत जुळलं तरी बिघडत नाही. सगळ्यांपेक्षा वेगळं काहीतरी बोलायची हौस ही स्वतंत्र विचाराची सगळ्यात फसवी नक्कल आहे, एम.ए.च्या वर्गात ती फार दिसते.

पुढची रीत बी.ए.-एम.ए.च्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. दहावी-बारावीच्या मुलांना आणि हौसेने वाचणाऱ्यांनाही ती चालेल.

आधी पाट्या झाकून ठेवा

कविता वाचायला घ्यायच्या आधीच आपल्याला तिच्याबद्दल बरंच काही कळलेलं असतं. कवीचं नाव, त्याला लावलेलं बिरुद, पुस्तकाची प्रस्तावना, पाठाखालच्या टिपा, शिकवणीतल्या नोट्स, आणि हल्ली मोबाइलवर मागितलं की दहा सेकंदांत मिळणारं तयार रसग्रहण. यातलं काही फेकून द्यायचं नाही, फक्त क्रम बदलायचा. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ती प्रस्तावना आधी वाचली की गाणी अत्र्यांच्या भारावलेल्या आवाजात ऐकू येऊ लागतात. आधी गाणी वाचा, आठवड्याने प्रस्तावना वाचा, मग अत्रे कुठे नेमकं बोलले आणि कुठे वाहवत गेले हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

करायचं एवढंच: कविता हाताने एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. कवीचं नाव लिहू नका. झेरॉक्स नको. उतरवताना प्रत्येक शब्दावर हात थांबतो आणि डोळ्यांनी ज्यावरून घसरून गेलो असतो ते दिसू लागतं. मग मोठ्याने वाचा, निदान दोनदा. घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

उतरवून घेण्याआधी कवितेचा पाठ, म्हणजे तिचे शब्द, मूळचेच आहेत ना, हेही तपासा. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या कवितांत शब्द सर्रास बदललेले असतात, कधी आख्खी ओळच गळालेली असते. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे ‘सांवळा’चं ‘सावळा’ झालेलं दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शब्दच वेगळा दिसला तर छापील प्रत गाठा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं फुकट मिळतात, आणि जवळच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात त्यापेक्षा जास्त मिळतील.

एक कविता घेऊनच बसू

नुसते नियम सांगून काही हाती लागत नाही. बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आठच ओळी आहेत, बहुतेकांनी शाळेत म्हटलेली आहे, आणि तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की तिच्याबद्दल स्वतःचं काही सुचणं अवघडच वाटतं. म्हणून तीच बरी.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आता वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘दिसतं ते’, उजवीकडे ‘वाटतं ते’. पहिली वीस मिनिटं उजवीकडे एक अक्षर लिहायचं नाही. हीच शिस्त सगळ्यात जड जाते, कारण आपल्याला अर्थ सांगायची घाई असते. डावीकडे फक्त अशा गोष्टी लिहायच्या ज्यावर कुणी वाद घालू शकणार नाही.

रंगांपासून सुरुवात करा, ते सोपं आहे. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा तीनदा, काळा दोनदा, आणि काळा पहिल्यांदा येतो तो सहाव्या ओळीत. त्यानंतर हिरवा परत येत नाही.

मग क्रियापदं. झरा वाहतो. गर्दी लागली. पायवाट पडे, तीच पुढे चालली. काळिमा पसरी. औदुंबर बसला.

मग काय नाही ते. ही यादी बहुतेक जण करतच नाहीत, आणि नेमका तिथेच माल असतो. गाव आहे पण माणूस नाही. शेतमळे आहेत पण त्यांत कुणी राबत नाही. पायवाट चालते पण तिच्यावरून कुणी चालत नाही. गुरं नाहीत, पाखरं नाहीत. आणि झरा आहे तरी खळखळ नाही. आठ ओळींत आवाजाचा एकही शब्द नाही, हे मोठ्याने वाचल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

शेवटी, बघणारा कुठे आहे? ‘पैल टेकडीकडे’ म्हणणारा अलीकडे असणार. झरा, गाव, शेतं, कुरण हे सगळं एका नजरेत मावतं, म्हणजे तो बराच लांब किंवा उंचावर आहे. शेवटच्या दोन ओळींत मात्र नजर थेट पाण्याजवळ येते. लाटा दिसतात, झाडाचे पाय दिसतात.

आता उजवी बाजू उघडा. एव्हाना तुमच्याकडे ‘मनोहारी चित्र’ यापेक्षा बरंच जास्त जमलेलं आहे.

शब्द बदलून बघा

एखादा शब्द कवितेत काय काम करतो हे कळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तो काढून दुसरा घालणं. शेवटच्या ओळीत ‘बसला’च्या जागी ‘उभा’ घाला, वृत्ताची चिंता न करता. मराठीत झाड उभं असतं. वाटेत उभं, बांधावर उभं, दारात उभं. इथे ते बसलंय, तेही पाण्यात पाय सोडून. उभं झाड हा देखावा झाला असता. माणसं जिथून गायब आहेत अशा कवितेत पाय टाकून बसलेलं झाड हे एकमेव माणसासारखं वागणारं पात्र होतं. हे तुम्ही कुठल्या नोट्समध्ये वाचलं नाही, शब्द बदलल्यावर समोर आलं.

हाच खेळ पायवाटेवर खेळा. ती डोहाकडून गावाकडे ‘आली’ असती तर? पाणी भरून घरी परतण्याची वाट झाली असती. कवितेतली वाट गाव मागे टाकून डोहाकडे ‘चालली’ आहे.

प्रत्येक शब्दावर हा प्रयोग करत बसू नका, वेड लागेल. जिथे वाचताना क्षणभर अडखळलात तिथेच करा. ‘गोड काळिमा’पाशी बहुतेक जण अडखळतात. आज ‘नावाला काळिमा फासला’ हाच वापर कानात बसलेला असतो, आणि इथे तो गोड? अशा वेळी कोश काढायचा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. काळिमा म्हणजे मुळात नुसता काळेपणा. कलंक हा पुढचा अर्थ. म्हणजे कवीने काही धक्कादायक जोडणी केलीच आहे असं नाही. तरी ‘गोड’ हा शब्द उरतोच.

आपल्याच मताविरुद्ध साक्षीदार उभा करा

समजा, वहीत तुम्ही असं मत लिहिलं: ‘या कवितेत सगळं हलतं आहे, फक्त औदुंबर काही न करता बसला आहे; ही कविता त्या निवांतपणाची आहे.’ चांगलं मत आहे. क्रियापदांची यादी त्याच्या बाजूने आहे.

आता ते पाडायचा प्रयत्न करा. प्रामाणिकपणे, म्हणजे मित्राचं मत पाडताना जितका उत्साह असतो तितक्याच उत्साहाने. सातवी ओळ पुन्हा वाचा. ‘पसरी’ म्हणजे पसरतो किंवा पसरवतो, कोण? एका वाचनात काळिमाच पाणी झाकोळून लाटांवर पसरतो. दुसऱ्या वाचनात कर्ता खालच्या ओळीत बसलाय: औदुंबरच पाणी झाकोळून आपली काळी सावली लाटांवर पसरवतोय. हे दुसरं वाचन धरलं तर तो काही न करता बसलेला नाही. सगळ्या हिरव्या-निळ्या चित्रावर काळं टाकणारा तोच.

मग पहिलं मत गेलं का? पूर्ण नाही, पण जसंच्या तसं उभंही राहत नाही. ‘बसून राहणारा औदुंबर या चित्रात सगळ्यात कमी हलतो आणि सगळ्यात जास्त परिणाम करतो’ असं काहीतरी त्याचं होईल. पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य अडचणीचं आहे आणि म्हणूनच चांगलं. त्याला दोन्ही साक्षींना जागा द्यावी लागली.

ही कविता मृत्यूबद्दल आहे असं वाचणारेही असतात, त्यांनाही हीच कसोटी लावा. काळा डोह, गाव मागे टाकणारी वाट, निःशब्दपणा, हे सगळं त्यांच्या बाजूने. ‘गोड’चं काय करणार? ते जर ‘दुर्लक्ष करू’ म्हणाले तर त्यांचं वाचन लंगडं. ‘इथला अंधार भीतीदायक नाही, हवासा आहे’ म्हणाले तर आता बोलायला मजा येईल.

सन, चरित्र, दत्तगुरू

आता झाकलेल्या पाट्या काढा. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९० साली धरणगावला. १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन झालं, तिथे सतरा वर्षांच्या या मुलाच्या कवितेने सगळे थक्क झाले आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पाच मे १९१८ रोजी भादली रेल्वे स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून त्याचा मृत्यू झाला.

ही माहिती दोन प्रकारे घात करते. ‘बालकवी’ ही पाटी सतरा वर्षांच्या मुलाला एका समारंभात लागली, पण आपण ती आयुष्यभराच्या कवितेवर लावतो आणि निरागसपणा शोधत बसतो. ‘निसर्गकवी’ या दुसऱ्या पाटीचंही तेच: पाखरं नसलेल्या, आवाज नसलेल्या कवितेतही आपण ‘निसर्गाची विलोभनीय रूपे’ पाहून मोकळे होतो. दुसरा घात जास्त मोहक आहे. रेल्वेचा अपघात कळला की काळ्या डोहात मृत्यूची चाहूल दिसायला लागते. पण अपघात कवीला आधी ठाऊक नव्हता, तो तुम्हाला ठाऊक आहे. चरित्रातून कवितेकडे जाताना ‘हे कवीला लिहिताना माहीत असणं शक्य होतं का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धी चुकीची वाचनं गळून पडतात.

संस्कृतीचा संदर्भ जरा वेगळा. औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी याच नावाचं दत्तस्थान आहे. त्यामुळे पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर हा ध्यानस्थ योगी वाटणं अगदी स्वाभाविक. हा संदर्भ कवीलाही माहीत असणारच. पण कवितेत पार नाही, पादुका नाहीत, घंटा नाही. तेव्हा लिहिताना प्रमाण सांभाळा: ‘औदुंबर या झाडाला असलेल्या दत्तभक्तीच्या वलयामुळे योग्याचा भास होतो’ हे चालेल, ‘कवीने येथे दत्तात्रेयांचे वर्णन केले आहे’ हे चालणार नाही.

कादंबरी असेल तर

पानं वाढली की ही रीत जशीच्या तशी जमत नाही. तिथे मी एकच गोष्ट धरायला सांगतो: सांगणारा कोण आहे? हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली कादंबरी घ्या. गोष्ट यमू सांगते, ‘मी’ म्हणून. लिहिणारा मात्र पुरुष आहे, सुधारक विचारांचा आहे आणि साप्ताहिकाचा संपादकही आहे. उत्तरपत्रिकांत यमूची वाक्यं बिनदिक्कत ‘ह.ना. आपटे म्हणतात’ अशी येतात. वाचताना समासात खूण करत जा: हे यमूलाच दिसलं असेल असं कुठे वाटतं, आणि आपटे तिच्या तोंडून बोलतायत असं कुठे वाटतं. अशा जागा जमल्या की तुमचा निबंध अर्धा तयार असतो, आणि ‘विधवांच्या दुःखाचे हृदयद्रावक चित्रण’ या वाक्याची गरज उरत नाही.

प्रत्येक प्रकरण संपल्यावर दोन ओळी लिहा: पुढे काय होईल असं वाटतं आणि का. कादंबरी संपली की तो अंदाज पुन्हा वाचा. जिथे चुकला असेल तिथे लेखकाने तुमच्या सवयीविरुद्ध काहीतरी केलेलं असतं. तीच जागा पुन्हा वाचण्यालायक.

समीक्षकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका

समीक्षा वाचायचीच. ‘मी कुणाचं वाचत नाही, माझं स्वतःचं मत आहे’ हा आळस आहे. फक्त स्वतःचं पान भरल्यावर वाचा. वाचताना समीक्षकाचं मत आणि त्याने दिलेला पुरावा वेगळे काढा. ‘बालकवींच्या कवितेत एक अनामिक उदासीनता आहे’ हे मत. ते ज्या ओळींवर उभं आहे त्या ओळी म्हणजे पुरावा. कितीतरी लेखांत मत पानभर आणि पुरावा दीड ओळ असतो. नाव मोठं असलं तरी हे मोजायला संकोच करू नका.

समासात तीन खुणा पुरतात: पटलं, पटत नाही, आणि ‘हे मला दिसलंच नव्हतं’. तिसरी खूण सगळ्यात मोलाची. ती जिथे होईल तिथे कवितेकडे परत जायचं आणि आपल्या नजरेतून ते का सुटलं हे बघायचं. ती खूण एकदाही झाली नाही, तर समीक्षक फालतू आहे किंवा तुम्ही फक्त स्वतःला दुजोरा शोधत होतात.

वर्गात आणि पेपरात

इथे येऊन सगळे विचारतात, ‘हे ठीक आहे, पण गुण कोण देणार?’ रास्त प्रश्न आहे. रसग्रहण म्हटलं की आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे साचे शाळेपासून हातात बसलेले असतात. ते मोडू नका, भरा. ‘भाषिक वैशिष्ट्ये’खाली ‘साधी सोपी ओघवती भाषा’ लिहिण्याऐवजी आवाजाचा एकही शब्द नसल्याचं लिहा. तपासणाऱ्याला हवं ते शीर्षक दिसतं, आणि खाली कधी नव्हे ते वाचायला काहीतरी मिळतं.

‘बालकवींच्या निसर्गकवितेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला तर रूढ वैशिष्ट्यं पहिल्या परिच्छेदात देऊन टाका. मग ‘मात्र औदुंबर या कवितेत...’ म्हणून स्वतःचं वाचन आणा आणि प्रत्येक विधानाला ओळ जोडा. ‘मला वाटते’ हे शब्द शक्यतो टाळा. ओळ दिलेली असली की त्यांची गरज नसते, आणि ओळ नसली तर ते शब्द तुम्हाला वाचवत नाहीत.

वर्गात सरांचं किंवा मॅडमचं मत पटलं नाही तर ‘मला हे पटत नाही’ने सुरुवात करू नका. ‘सर, हा अर्थ घेतला तर ‘गोड’ कसं बसवायचं?’ असं विचारा. प्रश्न ओळीबद्दलचा असला की वाद माणसांत राहत नाही, मजकुराकडे जातो. चांगले शिक्षक अशा प्रश्नाने खूश होतात. जे होत नाहीत त्यांच्यापुढे पेपरात साचा नीट भरा आणि स्वतःची वही चालू ठेवा.

सराव कशावर करायचा

अभ्यासक्रमातल्या कवितेवर सराव करण्यात एक अडचण आहे: तिच्याभोवतीचं सगळं आपल्याला आधीच ऐकून माहीत असतं. केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३) म्हटली की ‘क्रांतीचा उद्घोष’ हे शब्द वाचण्याआधीच तोंडात येतात, आणि ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ या पहिल्याच ओळीत तुतारी कवीकडे नाहीये, तो ती कुणाकडे तरी मागतोय, हे निसटून जातं.

म्हणून ज्याच्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही असं काहीतरी घ्या. आपल्याकडे त्याची मुबलक सोय आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी मराठीत कवितांचा आणि कथांचा ढीग पडतो, आणि त्यातल्या बहुतेकांना ना टिपा असतात ना प्रश्नसंच. दोन-तीन वर्षांपूर्वीचा अंक रद्दीवाल्याकडे वीस-तीस रुपयांत मिळतो. दुसऱ्या कुणाला तरी एक कविता निवडून नाव झाकून द्यायला सांगा. रेघ मारलेल्या पानावर तासभर घालवा. शेवटी कविता चांगली की वाईट ते लिहा, आणि ज्या ओळीमुळे तसं वाटलं ती ओळ शेजारी उतरवा. वाईट कवितेवर हे जास्त चांगलं साधतं, कारण ती कुठे फसली हे सांगताना आदराचं ओझं नसतं.

मित्रमैत्रिणी असतील तर तिघे-चौघे एकच कविता घ्या, पण आपापली पानं भरून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलू नका. आधी डाव्या बाजू जुळवा, उजव्या नंतर. डाव्या बाजूतच फरक निघाला, तर कुणीतरी काहीतरी वाचलेलं नाही. अर्थाची भांडणं त्यानंतर करा.